रंगभूमी रेसिडेन्सी

भिंतीवरच्या रश्मीचं नाक चुकलं होतं. आधी मला तेवढंच दिसलं. खरी रश्मी आमची नायिका, तिचं नाक जरा बसकं आहे, डावीकडे चमकी आहे, आणि रडायच्या प्रवेशात ती नाक ओढते तेव्हा मागच्या सतरंजीवरच्या बायासुद्धा पदर डोळ्याला लावतात. भिंतीवरचं नाक सरळ, टोकदार, कुठल्यातरी जाहिरातीतल्या बाईचं. नाकावरून नजर खाली उतरली तेव्हा दिसलं की भिंतीपुढे काचेचं कपाट आहे, कपाटात केक ठेवायचे ट्रे आहेत, मागे कॉफीचं मशीन आहे, आणि ही ती खोली आहे. आमची खोली. तळमजल्यावरची, रस्त्याकडे दोन खिडक्यांची, नवी इमारत झाली की नाटकवाल्यांना द्यायची म्हणून घरमालक धनराजने कबूल केलेली. 'तालीम करा, बुकिंगले बसा, तुमचीच हाय,' असं तो माझ्या आणि रश्मीच्या समोर, स्वतःच्या आईची शपथ घेऊन म्हणाला होता. मी दारातच उभा राहिलो. मशीन पुसणाऱ्या माणसाने वर न बघता सांगितलं, 'अंकल, ओपनिंग शाम को है.' मला अंकल म्हणतो लेकाचा! ज्या जमिनीवर तो उभा होता तिथे मी पंधरा-वीस हिवाळे चटई टाकून झोपलो होतो.

वडशाच्या स्टेशनामागची ही गल्ली. झाडीपट्टीच्या नाटकाची सगळी राजधानी या एका गल्लीत मावायची. दिवाळी झाली की कंपन्यांच्या पाट्या लागायच्या, चंद्रपूरहून, गडचिरोलीहून, कुठून कुठून कलावंत येऊन भैयाजीच्या चाळीत बिऱ्हाड मांडायचे आणि होळीपर्यंत हलायचे नाहीत. खेड्यापाड्यातली मंडळं मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतींसाठी नाटक ठरवायला इथेच यायची. त्यांची एक रीत होती. धानोऱ्याकडून असोत की मार्कंड्याकडून, ती माणसं थेट ऑफिसात शिरत नसत. आधी गल्लीतून एक चक्कर मारत. खिडक्या उघड्या, आत तालमी चाललेल्या, आणि बाहेर ही पाच-सहा माणसं खांद्यावर दुपट्टा टाकून, तंबाखू मळत, कान लावून उभी. या खिडकीतून बापाचा दरारा, त्या खिडकीतून विनोदी नटाची बडबड, पलीकडे कुणाचं तरी लावणीवर ठेका धरणं. ज्या खिडकीपुढे पाय जड होतील त्या कंपनीला तारीख द्यायची. पोस्टर पाहून कोणी नाटक ठरवत नसे. पोस्टर सगळ्यांचंच झ्याक असतं, आवाज लपत नाही, असं एक म्हातारे पाटील मला म्हणाले होते. म्हणून तर ती दोन खिडक्यांची खोली हवी होती. आम्हाला काही राहायला बंगला नको होता.

आणि मला स्वतःला ती गल्ली का हवी होती, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा वडशाला आलो तेव्हा मी तरणा होतो, खांद्याला पिशवी, पिशवीत बाबासाहेबांचा छोटा फोटो. गावात खोली शोधत फिरलो. 'आडनाव काय?' प्रत्येक दाराशी हेच. आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. या गावातल्या खोल्या सगळ्या कालच दिल्या जात. संध्याकाळी थकून भैयाजीच्या चाळीपुढे उभा राहिलो. भैयाजी, म्हणजे धनराजचा बाप, ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. त्याने विचारलं, 'नाटकवाला हाय काय?' म्हटलं, हो. 'मंग आत ये, बाहेर काऊन उभा?' बस्स. आडनाव विचारलं नाही. तो काही संत नव्हता, भाड्यासाठी शिव्या घालायचा, कवेलू गळतात म्हणून सांगितलं तर 'पावसाळ्यात तुमी कुठी राह्यता इथी' म्हणायचा. पण त्याच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, नाटकवाले आणि बिगर नाटकवाले. आम्ही त्याच्या जातीतले. शेजारच्या खोलीत आईच्या भूमिका करणाऱ्या ठमाबाई राहायच्या, त्यांच्या चुलीवरची भाकर मी खाल्ली, धनराजने खाल्ली. शाळेतून आला की तो आधी ठमाबाईंच्या खोलीत शिरायचा आणि मग स्वतःच्या घरी. शाळेच्या गॅदरिंगला त्याला शिवाजीचं भाषण मी पाठ करून दिलं होतं. अर्ध्यात विसरला, तेव्हा पडद्यामागून पुढचं वाक्य दिलं तेही मीच.

भैयाजी गेला आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात तसं झालं. तिकडे जंगलात लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या, साहेब लोक आले, त्यांच्या गाड्या आल्या, गावातल्या प्रत्येक घरमालकाला आपलं घर म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी वाटायला लागलं. धनराजने चाळ पाडली. पाडताना त्याने नारळ फोडला, आम्हाला पेढे दिले आणि ते खोलीचं वचन दिलं. एक सीझन कळ काढा म्हणाला. आम्ही काढली. कंपन्या पांगल्या. एक राइस मिलच्या मागे, एक ब्रह्मपुरी रस्त्याच्या टिनाच्या शेडमध्ये, एक कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये. मंडळं येत, स्टेशनामागे पत्रे ठोकलेली जागा पाहत, चहा पीत आणि परत जात. तालीम ऐकायला खिडकीच नव्हती. किती तारखा गेल्या याचा हिशेब मालक करोत, मला आठवतात ते ठमाबाईंचे शब्द. टिनाच्या शेडमध्ये हिवानं आखडून त्या म्हणाल्या, 'संघपाल, आता माह्यानं होत नाई गा. आई मरते नाटकात, तशी इथीच मरून जाईन.' त्या गावी गेल्या त्या परत आल्या नाहीत. मी खोली शोधायला निघालो तर दलाल म्हणाला, 'आडनाव काय?' एवढ्या वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, तोच आवाज. आणि वर पुरवणी, 'नाटकवाले नोका पाठवू म्हणते मालक. रातबेरात येता तुमी.' म्हणजे आता दोन्ही जातींनी मी बाद.

तर त्या दिवशी दुपारी मी त्या खोलीच्या दारात उभा होतो आणि वर इमारतीवर स्टीलच्या अक्षरांत 'रंगभूमी रेसिडेन्सी' लिहिलेलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. रंगभूमी पाडली आणि तिच्या जागी तिचं नाव लावलं. आत टेबलांना कंपन्यांची नावं दिली होती. संडासाच्या दारांवर राजा आणि राणी. आमच्या जुन्या पोस्टरांना चौकटी करून भिंतीवर टांगलं होतं, त्यातल्या एकावर मेलेल्या विनोदी नटाचा फोटो होता, त्याच्या बायकोला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. शिडीजवळ एक पोरगी ब्रश धूत होती, नागपूरहून आलेली चित्रकार. चांगली पोरगी होती. म्हणाली, 'काका, तुम्ही झाडीपट्टीचे ना? कसं वाटतंय? ही कला जगासमोर यायला पाहिजे.' मी म्हणालो, 'नाक चुकलं.' तिचा चेहरा पडला. तिला मिळालेला फोटो फ्लेक्सवरचा होता, फ्लेक्सवाल्यानेच नाक सरळ केलं होतं. तिने विचारलं, खऱ्या बाई कुठे राहतात, एकदा बघून दुरुस्त करते. 'राइस मिलच्या मागे, सिमेंटच्या गोदामात,' मी म्हणालो. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

धनराज आला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि हातात एक कागद. 'संघपालभाऊ, बरं झालं आले. हे रश्मीबाईचं उद्घाटनाचं भाषण. पी.ए.नं लिवून देल्लं. तुमी मागून देजा, तिले पाठ कुठी राह्यते.' मी कागद घेतला नाही. 'खोली?' म्हटलं. 'कोनती खोली?' असं तो म्हणाला नाही, तेवढा तो बेरड झालेला नाही. तो हसला. 'हेच त तुमची खोली हाय भाऊ! नाव पाहा न, नाटकवाला कॅफे. सकाळी या, बसा, तुमाले कोन उठवते?' 'आन् तालीम?' 'आवाज होते न भाऊ. वरतं साहेब लोकाईच्या फॅमिल्या हायेत. पुढच्या सीझनले पाहू काहीतरी. आज काही बोलू नोका, पाहुणे येऊन राह्यले.' माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने कागद माझ्या खिशात घातला. मी तो बाहेर जाऊन वाचला. त्यात एक वाक्य होतं, 'धनराजभाऊंनी आम्हा बेघर कलावंतांना हक्काचं छप्पर मिळवून दिलं.' बेघर! आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, वर उंदरानेच येऊन आभार मानायचे. मी कागदाचा बोळा केला आणि पुन्हा उलगडला, कारण प्रॉम्प्टरला कागद फाडता येत नाही, हात धजत नाही.

प्रॉम्प्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे रोज नवं गाव, पुष्कळदा नवं नाटक, नायिका आज या कंपनीत तर उद्या त्या. पाठांतराला वेळ कुणाला? मग विंगेत, नाहीतर स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात मी बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या अर्धा श्वास आधी बोलतो. कुजबुजही नाही आणि बोलणंही नाही, मधलंच काहीतरी. ते नटाला ऐकू जातं, लोकांना नाही. हे काम अंगात इतकं मुरलं की आता माझं स्वतःचं काही बोलणं असं उरलेलं नाही. बँकेत कॅशियर अडखळला तर मी त्याचं वाक्य पुरं करतो. विहारात वंदना घेणारे गुरुजी ठसकले की पुढची ओळ माझ्या तोंडून निघते. एकदा मयतीला गेलो होतो, मुलगा 'बाबा...' म्हणून थांबला आणि मी मागून म्हणालो, 'आमाले कोनाच्या भरोशावर सोडून चालले'. तोही तेच म्हणाला आणि सगळी मयत रडली. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. रश्मी तर माझ्या आवाजावर डोळे मिटून चालते. एका थंडीत दवाने ओली झालेली पानं एकमेकांना चिकटली, पुढचं वाक्यच दिसेना, तेव्हा मी मनाने चार वाक्यं रचून दिली. तिने ती जशीच्या तशी उचलली आणि टाळ्यांनी मंडप दणाणला. दुसऱ्या दिवशी लेखक ती वाक्यं आपलीच म्हणून सांगत फिरत होता. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. पण त्या दुपारी राइस मिलकडे चालताना ती रात्र आठवली आणि एक विचार डोक्यात आला तो जाईना. कागद माझ्याकडे आहे. तोंड तिचं आहे. मी जे देईन ते ती म्हणेल.

ती तयार होऊन बसली होती, जरीचं लुगडं, नाटकातलंच. मी सांगायच्या आधीच म्हणाली, 'खोली गेली न?' 'तुले कोनं सांगितलं?' 'तुमचं थोबाड.' मग थोडा वेळ ती बांगड्या चढवत राहिली. 'संघपालभाऊ, मंग म्या काऊन जाव तिथी?' मी म्हणालो, 'तू स्टेजवर जा. मी हाव न मागं.' ती माझ्याकडे पाहून हसली. 'तुमी हाय त चिंता नाई.' हे ती प्रत्येक प्रयोगाआधी म्हणते. तिला लहान पोरगी आहे, गावी आजीजवळ राहते, आणि कंपन्यांच्या नव्या मालकांपैकी निम्मे धनराजच्या उठण्याबसण्यातले आहेत, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी रस्ताभर मनात वाक्यं घासत होतो. असं वाक्य देईन की धनराजला पाणी मागता येणार नाही. तुझ्या बापाने ज्यांना छप्पर दिलं त्यांच्या छातीवर तू मजले चढवलेस, असं काहीतरी. शब्द सापडत गेले तसा मी खूश होत गेलो, खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. गल्लीतच स्टेज, पुढे सोफे, सोफ्यांवर साहेब आणि त्यांच्या बायका, मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गाव. आमचे काही कलावंत अगदी कडेला उभे होते, बसा म्हणायला कोणी आलं नव्हतं. मला धनराजच्या फ्लेक्समागे स्टूल दिलं होतं. फ्लेक्सवरच्या त्याच्या पोटाच्या मागे मी. फटीतून रश्मीचा डावा कान आणि गालाचा थोडा भाग दिसत होता, आणि तिच्या पलीकडे कॅफेच्या काचेतून ती भिंत. मी सुरुवात दिली. मान्यवर, रसिक मायबाप, झाडीची माती. तिने उचललं. काय उचललं! नुसत्या 'मायबाप' या शब्दावर तिने गल्ली गप्प केली. आणखी दोन वाक्यं दिली. पुढचं वाक्य बेघर कलावंतांचं. ते मी देणार नव्हतो. माझं वाक्य जिभेवर तयार होतं, श्वास घेतला होता.

आणि तो कान माझ्याकडे वळला. पुढचं वाक्य हवं असलं की ती मान किंचित झुकवते, लोकांना वाटतं बाई लाजली. काचेपलीकडे ती दुसरी, गोरी, सरळ नाकाची, तोंड मिटून हसत होती. तिला त्यांनी आपल्याला हवं तसं नाक लावून दिलं होतं, हवं तसं हसू. आणि मी काय करायला बसलो होतो? माझा राग, तिचं तोंड. उद्या कंपनीतून काढलं तर तिला काढतील, मी पोटामागे सुखरूप. धनराजने तिचा चेहरा न विचारता वापरला, मी तिचा आवाज वापरणार होतो, तोही न विचारता. माझी मलाच शिसारी आली. पण म्हणून ते बेघर छप्पर तिच्या तोंडी घालू? ते तर माझ्याने मेलो तरी झालं नसतं. मी तोंड मिटून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नट थांबला होता आणि मी बोललो नाही.

गल्लीत शांतता. आधी ती अभिनयातली वाटली, मग लांबली. रश्मीचा कान आणखी झुकला. 'भाऊ,' ती ओठ न हलवता म्हणाली. मग तिने जे कधीच करायचं नसतं ते केलं, मागे वळून सरळ माझ्याकडे पाहिलं. फटीतून आमची नजर भिडली. मी मान हलवली, नाही म्हणून. ती पुन्हा लोकांकडे वळली. स्टेजवर ती नेहमी शुद्ध बोलते, पुस्तकातलं. आता तिच्या घरातली बोली आली. 'मले पुढचं येत नाई,' ती म्हणाली. 'मनानंच सांगून राह्यली. धनराजभाऊ, आत भिंतीवर तुमी मले काढलं. एवढं मोठं. त्या फोटोले जागा भेटली. मले काऊन नाई भेटली? फोटोले त भाकर लागत नाई, थंडी वाजत नाई. मले वाजते. खोली देतो म्हणले होते तुमी, आईची शपथ घेऊन. कुठी हाय माही खोली?'

सोफ्यावरच्या एका बाईने टाळी वाजवली. मग साहेबाने. मग सगळ्यांनी. मागून शिट्टी आली. 'वाह, क्या एक्टिंग है,' कोणीतरी म्हणालं. धनराज आधी पांढरा पडला होता, तो सावरला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागला. रश्मी गांगरली. 'नाई, नाई,' ती हात हलवत म्हणाली, 'नाटक नोका समजू. खरंच सांगून राह्यली मी.' तिने नाक ओढलं, आणि टाळ्या दुप्पट झाल्या. आयुष्यभर तिने या लोकांना रडवायचं शिकून घेतलं होतं, आता खरं रडू आलं तर ते वेगळं दाखवायला तिच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. ती बोलेल तितकी वाहवा वाढत होती. कडेला उभे असलेले आमचेच लोक मान खाली घालून होते. ती पुन्हा माझ्याकडे वळली. चेहरा घाबरलेल्या पोरीसारखा. 'भाऊ, काय म्हनू सांगा न,' ती सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, आणि लोक त्यावरही हसले.

मी उठलो. स्टूल पडलं. फ्लेक्स बाजूला सारून मी उजेडात आलो, डोळे दिपले, हात कुठे ठेवायचे ते कळेना. तिने माईक माझ्यापुढे धरला. 'खोली पायजे,' मी म्हणालो. माझा आवाज मीच पहिल्यांदा कर्ण्यातून ऐकत होतो. घोगरा, चिरका, वाक्याच्या शेवटी मोडलेला. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. टाळ्या विरल्या. सोफ्यावरचे हात खाली आले, एका बाईने पर्स मांडीवर ओढली. साहेब धनराजकडे वाकून म्हणाले, 'हा कोण आहे?'

धनराजने माझ्याकडे पाहिलं. नीट, पुरतं पाहिलं. मग तो साहेबांना म्हणाला, 'माईत नाई सर. असंल कोनी.'

'मी इथी राहत होतो,' मी म्हणालो.